तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो घरच्या घरी कसा काढावा

बाळाचा पासपोर्ट काढायचा म्हटलं की घरातले सगळे कागदपत्रांच्या मागे लागतात आणि फोटोचा विषय अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी निघतो. आपल्याला वाटतं, आपला फोटो केंद्रावरच काढला होता, तसा बाळाचाही काढतील. तसं होत नाही. पासपोर्ट सेवा केंद्रात कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढतात तो चार वर्षांवरच्यांचा. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो आपणच छापून न्यायचा असतो: साडेतीन सेंटिमीटर रुंद, साडेचार सेंटिमीटर उंच, रंगीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. केंद्रावर तो स्कॅन होतो आणि तोच पासपोर्टवर येतो.

आमच्या मुलीच्या पासपोर्टच्या वेळी या सगळ्यातून गेल्यावर नात्यातल्या आणि सोसायटीतल्या बऱ्याच आयांनी मला हेच विचारलं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. हा लेख मुख्यतः भारतात राहून भारतीय पासपोर्ट काढणाऱ्यांसाठी आहे. परदेशात असलेल्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं दिलं आहे.

माझं मुख्य सांगणं एवढंच आहे की जे काही सुधारायचं ते खोलीत सुधारा. उजेड, चादर, झबलं, मान हे सगळं फोटो काढण्याआधी जागेवर आणा. नंतर मोबाइलवर बॅकग्राउंड बदलू, चेहरा उजळ करू, या भरवशावर राहू नका. फोटो नापास होण्याची निम्मी कारणं तिथेच तयार होतात.

१. नियम आधी समजून घ्या

पासपोर्टच्या फोटोचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या मानकावरून आलेले आहेत. विमानतळावरची यंत्रं चेहऱ्याची मापं घेऊन माणूस ओळखतात. डोळ्यांमधलं अंतर, नाकाची जागा, हनुवटीची कड ही ती मापं. आता आपल्याकडे चिप असलेले ई-पासपोर्ट मिळू लागलेत आणि त्या चिपमध्ये हाच फोटो साठवलेला असतो. म्हणून चेहरा तिरका, सावलीत किंवा गुळगुळीत केलेला चालत नाही.

बाळाच्या फोटोत हे सगळं असायला हवं:

- चेहरा समोर, मान सरळ, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा दिसतील असा.
- डोळे उघडे आणि नीट दिसणारे. डोळ्यांवर केस नकोत.
- तोंड मिटलेलं, भाव साधा.
- पार्श्वभूमी पांढरी आणि कोरी. सुरकुती, नक्षी, सावली काही नको.
- हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहऱ्याने फोटोच्या उंचीचा सुमारे ८० ते ८५ टक्के भाग व्यापलेला. खांद्यांचा वरचा भाग थोडा दिसावा.
- फोटोत दुसरं कुणी नको. आईची बोटं, आजीच्या बांगड्या, खुळखुळा, चोखणी, उशीचा कोपरा यातलं काहीही नको.
- चेहऱ्याचा रंग नैसर्गिक. फिल्टर नको, संगणकावर केलेला बदल नको.

या यादीत तान्ह्या बाळाच्या बाबतीत सर्वांत अवघड तीन गोष्टी आहेत: मान सरळ राहणं, तोंड मिटलेलं असणं आणि सुरकुती नसलेली पांढरी पार्श्वभूमी. बाकीचं आपोआप जमतं.

२. सामान आधी जमवा

बाळ जागं आणि खुशीत असतं तो वेळ थोडा असतो. तो चादर शोधण्यात घालवू नका. आदल्या दिवशीच एवढं काढून ठेवा:

- पांढरी सुती चादर, मोठी, दोन पदरी घालता येईल अशी, कडक इस्त्री केलेली
- खाली घालायला गोधडी किंवा योगा मॅट
- एक पातळ नॅपकिन, खांद्याखाली घालायला
- गडद किंवा ठळक रंगाचं झबलं, शिवाय एक जादा
- लाळ पुसायला मऊ सुती फडकं
- खुळखुळा, किंवा वाटी आणि चमचा
- मागचा कॅमेरा चांगला असलेला मोबाइल, लेन्स पुसलेली, जागा रिकामी केलेली
- फूटपट्टी, फोटो छापून आल्यावर मोजायला
- आणि दुसरं एक माणूस. एकट्याने हे करू नका. एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने बाळाजवळ बसायचं.

चादरीबद्दल थोडं सविस्तर. एकच पदर घातला तर खालच्या गोधडीचे रंग वर उमटतात, आणि डोळ्यांना न दिसणारा तो रंग कॅमेऱ्याला दिसतो. नीळ जास्त झालेली चादर फोटोत निळसर येते, तेव्हा साधी धुतलेली घ्या. पांढरं धोतर किंवा ओढणी वापरायचा मोह होतो, पण ती पातळ असतात आणि बाळाने पाय हलवले की लगेच चुण्या पडतात. जाड सुती पलंगपोस सगळ्यात बरा.

३. वेळ कोणती धरायची

आपल्याकडे सकाळी मालीश, मग आंघोळ, मग शेक आणि मग बाळ गाढ झोपतं. पुष्कळ जण आंघोळीनंतर बाळ ताजंतवानं दिसतं म्हणून तेव्हाच फोटो काढायला बघतात. त्या वेळी एक तर डोळे जड झालेले असतात, आणि तेल पुरतं निघालेलं नसलं तर कपाळ आणि नाक चकाकतं. ती चकाकी फोटोत पांढरा डाग होऊन येते.

त्यापेक्षा ती झोप पुरी होऊ द्या. बाळ उठलं, दूध प्यायलं, ढेकर काढली, की साधारण अर्धा तास जाऊ द्या, म्हणजे दूध वर यायचं असेल तर येऊन जाईल. त्यानंतरचा वेळ फोटोचा. तोही दिवसा, भरपूर उजेड असताना. सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान बहुतेक घरांत चांगला उजेड असतो.

लस दिल्याच्या दिवशी किंवा सर्दी असताना प्रयत्न करू नका. सर्दीत बाळ तोंडाने श्वास घेतं आणि तोंड मिटतच नाही.

४. बाळाची तयारी

घरातल्या वडीलधाऱ्यांशी इथे थोडं बोलावं लागतं. गालावरची किंवा कपाळावरची तीट पुसा, काजळ पुसा. चेहऱ्यावर नसलेली खूण फोटोत कायमची जाते, शिवाय काजळ पसरलेलं असलं तर डोळ्याची कड नीट कळत नाही. आजीला वाईट वाटत असेल तर तीट तळपायाला लावा. आमच्याकडे तसंच केलं आणि सगळे समाधानी राहिले.

टोपडं, कुंची, केसांचा पट्टा काढा. गळ्यातला काळा दोरा झबल्याच्या आत सरकवा. कानात बारीक डूल असेल तर राहू द्या, फक्त ते चमकत नाही ना हे बघा.

झबलं पांढरं नको. पांढऱ्या चादरीवर पांढरं झबलं घातलं की खांदे दिसेनासे होतात आणि नुसतं डोकं तरंगल्यासारखं वाटतं. फिकट गुलाबी, फिकट पिवळंही टाळा, कारण कापडाचा रंग हनुवटीवर पडतो. गडद निळा, मरून किंवा गडद हिरवा चांगला. झबल्याचा गळा हनुवटीपर्यंत वर येणारा नसावा.

जावळ काढायचं असेल तर? नियम इतकाच आहे की फोटो अलीकडचा असावा. जावळ आधी किंवा नंतर, दोन्ही चालतं. मला विचाराल तर जावळ काढायचा मुहूर्त जवळ असेल तर तो होऊ द्या आणि मग फोटो काढा, म्हणजे केंद्रावर नेलेलं बाळ आणि फोटोतलं बाळ सारखं दिसेल.

५. जागा आणि उजेड

खिडकीजवळची जमीन निवडा. पलंगावर नको आणि टेबलावर तर मुळीच नको. तुमचं सगळं लक्ष मोबाइलमध्ये असणार आणि पालथं पडायला शिकलेलं बाळ क्षणात कडेला जातं.

थेट ऊन येणारी खिडकी नको. उन्हात बाळ डोळे मिटतं आणि नाकाची काळी सावली पडते. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, नसेल तर ऊन येणाऱ्या खिडकीवर पातळ पांढरा पडदा ओढा.

घरातले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर आणि बल्बचा पिवळा, दोन्ही एकत्र आले की एक गाल पिवळा दिसतो आणि चादर दुरंगी होते. फ्लॅश तर वापरूच नका. बाळ दचकतं, डोळे लाल येतात आणि मागे कडक सावली पडते.

आता सर्वांत उपयोगी गोष्ट. बाळाला झोपवताना त्याचं डोकं खिडकीकडे करा, पाय खोलीच्या आत. असं केल्याने उजेड कपाळाकडून खाली येतो आणि दोन्ही गालांवर सारखा पडतो. तुम्ही पायाच्या बाजूला उभे राहता, त्यामुळे तुमची सावली तुमच्या मागे जाते, बाळावर पडत नाही. खिडकी बाजूला ठेवली तर एक गाल उजेडात आणि एक अंधारात राहतो, शिवाय तान्ही बाळं उजेडाकडे मान वळवतात. मग कितीही खुळखुळा वाजवा, ते खिडकीकडेच बघत राहतं.

६. बाळाला ठेवायचं कसं

*मान न धरणारं बाळ, साधारण तीन-चार महिन्यांपर्यंत.* उताणं झोपवून वरून फोटो काढायचा. गोधडी किंवा योगा मॅटवर दोन पदरी चादर घाला, चारही कडा मॅटखाली ओढून दुमडा म्हणजे ताण बसेल. तान्ह्या बाळाचं डोकं मागे मोठं असतं, त्यामुळे सपाट जमिनीवर झोपवलं की हनुवटी छातीकडे झुकते आणि गळा दिसत नाही. यावर उपाय सोपा आहे. पातळ नॅपकिनची घडी चादरीच्या खाली, खांद्यांच्या जागी ठेवा. हनुवटी किंचित वर येते आणि चेहरा छताशी समांतर होतो. घडी पातळच हवी, जाड झाली तर नाकपुड्या दिसू लागतात. फोटो झाला की घडी लगेच काढा आणि बाळाला त्यावर झोपू देऊ नका.

*मान धरलेलं पण न बसणारं बाळ.* हेही झोपवूनच करा. या वयात बाळ पाय उचलून तोंडाशी नेतं आणि कुशीवर वळतं, म्हणून दुसऱ्या माणसाने कमरेपाशी बसून पाय हलकेच धरावेत. हात चौकटीत येता कामा नये. घरात बाळाची कारमधली खुर्ची असेल तर तिच्यावर पांढरी चादर नीट ताणून त्यात बसवूनही फोटो काढता येतो. अशा वेळी पट्टे दिसणार नाहीत एवढं बघा.

*बसू लागलेलं बाळ.* भिंतीपासून हात-दीड हात पुढे बसवा, मागे भिंतीवर चादर लावा. भिंतीला चिकटून बसवलं तर डोक्याची सावली मागे पडते. या वेळी खिडकी बाळाच्या समोर हवी. खिडकी मागे असली तर चेहरा काळा येतो. कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, म्हणजे तुम्हाला जमिनीवर बसावं किंवा पालथं झोपावं लागेल. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत कपाळ मोठं आणि हनुवटी छोटी दिसते.

*चालणारं मूल.* दीड-दोन वर्षांच्या मुलाला पाटावर किंवा छोट्या स्टुलावर बसवा आणि मोबाइलमधून आजोबा बघताहेत म्हणून सांगा. इथे अडचण मानेची नसते, हसण्याची असते. मोबाइल दिसला की ही मुलं सवयीने दात दाखवतात. फोटोआधी थोडा वेळ मोबाइल समोर धरून काहीच न काढता बोलत राहा, ते हसू ओसरतं.

आईने बाळाला मांडीवर घेऊन स्वतःवर पांढरी चादर ओढायची, ही युक्ती तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. बाळ अजिबात खाली राहत नसेल तर करून बघा, पण आईच्या श्वासाबरोबर चादर हलते, चुण्या पडतात आणि हाताचा आकार दिसतो. मी हा शेवटचा उपाय मानते.

७. मोबाइलची तयारी

- मागचा कॅमेरा वापरा, सेल्फीचा नको.
- ब्यूटी मोड पूर्ण बंद करा. पुष्कळ फोनांत तो आधीपासून चालू असतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. तो कातडी गुळगुळीत करतो, डोळे मोठे करतो.
- पोर्ट्रेट मोड बंद. मागचं धूसर करताना तो कानाच्या कडा आणि बारीक जावळ खाऊन टाकतो.
- जवळ जाऊन काढू नका. तोंडाजवळ मोबाइल नेला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. साधारण दीड मीटरवर राहा आणि दुप्पट झूम वापरा. झोपलेल्या बाळाच्या बाबतीत सरळ उभं राहून छातीच्या उंचीवर मोबाइल धरलात की अंतर जवळपास बरोबर येतं.
- ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा, चालू करा. फोन जमिनीकडे धरला की बऱ्याच फोनांत मधोमध दोन अधिकच्या खुणा दिसतात. त्या एकमेकींवर आल्या की फोन जमिनीला समांतर आहे.
- पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा फोटो काळपट करतो. बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी किंचित वर सरकवा. चादर पांढरी दिसायला हवी, पण गालाचा उंचसखलपणा पुसला जाता कामा नये.

झोपलेल्या बाळावर मोबाइल धरताना तो हातातून सुटण्याची भीती असते. मोबाइलला दोरी लावून ती मनगटात अडकवा, आणि दोन्ही हातांनी धरा. हे वगळू नका.

८. प्रत्यक्ष फोटो

सगळं मांडून झाल्यावर बाळाला शेवटी आणा. त्याआधी त्या जागेवर एखादी बाहुली किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवून एक-दोन फोटो काढून उजेड तपासून घ्या.

दुसऱ्या माणसाने बाळाच्या कमरेपाशी बसून खुळखुळा मोबाइलच्या अगदी जवळ, लेन्सच्या वर धरावा. आवाज जिकडून येतो तिकडे बाळ बघतं, त्यामुळे खुळखुळा बाजूला असला तर नजर बाजूला जाते. बाळाला हसवायला जाऊ नका. आपण बाळाशी बोलायला लागलो की ते तोंड उघडतं. त्याऐवजी नवा, छोटा आवाज करा: वाटीवर चमच्याचा एक टोला, एक चुटकी, जिभेचा टक्क असा आवाज. नवा आवाज आला की बाळ हातपाय हलवायचं थांबतं, डोळे मोठे करतं आणि क्षणभर तोंड मिटून बघत राहतं. तुम्हाला हवा असलेला क्षण तो. त्याच वेळी शटरचं बटण दाबून धरा म्हणजे बऱ्याच फोनांत लागोपाठ फोटो निघतील (आयफोनवर ते डावीकडे ओढून धरायचं). तोच आवाज पुन्हा केला तर त्याचं नवल संपतं, म्हणून आवाज बदलत राहा.

जीभ बाहेर काढण्याची सवय असेल तर हनुवटीखाली बोटाने हलकेच स्पर्श करून हात पटकन काढून घ्या, तोंड मिटतं. लाळ आली की पुसा. बाळ कुरकुरू लागलं की लगेच उचला. रडून झालेल्या बाळाचे डोळे सुजतात आणि नाक लाल होतं, मग त्या दिवशी चांगला फोटो मिळत नाही. दुसऱ्या दिवशी काढा, म्हणून तर मी अपॉइंटमेंटच्या आठवडाभर आधी सुरुवात करा म्हणते.

९. फोटो निवडताना

मोबाइलच्या छोट्या पडद्यावर सगळेच फोटो छान दिसतात. लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर मोठे करून बघा. आधी डोळे: पापण्यांची कड स्पष्ट आहे का, दोन्ही बुबुळं पूर्ण दिसतात का. मग तोंड. मग दोन्ही कान: एक दिसतो आणि एक नाही असं असेल तर मान वळलेली आहे. मग डोक्याभोवतीची चादर: करडी सावली किंवा चुणी आहे का.

घरातल्यांना सगळ्यात गोड फोटो हवा असतो. गोड फोटो फ्रेममध्ये लावा. पासपोर्टला नियमात बसणारा द्या. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षं चालतो, तेवढा काळ हा फोटो वापरात राहणार आहे.

१०. कापणं आणि छापणं

इथे फक्त क्रॉप करायचं. थोडा तिरका असेल तर सरळ करा, बस. बॅकग्राउंड बदलणारी अ‍ॅप्स वापरू नका. ती बाळाचं विरळ जावळ आणि कानाची पाळी कापतात आणि डोक्याभोवती कात्रीने कापल्यासारखी कड सोडतात.

फोटोचं प्रमाण सातास नऊ असं आहे. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर म्हणजे सातास नऊच. फोनमधल्या तयार यादीत तीनास चार असतं, ते जवळचं वाटलं तरी वेगळं आहे. ते वापरलं तर छापताना दुकानदार फोटो ताणतो किंवा डोकं कापतो. हव्या त्या मापाने क्रॉप करू देणारं साधं अ‍ॅप घ्या. छपाईसाठी किमान ४१३ बाय ५३१ पिक्सेल लागतात, यातून ३०० डीपीआयचा, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके असलेला फोटो येतो. जास्त असले तर चांगलंच.

छापल्यावर हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण ३.६ सेंटिमीटर यायला हवं. त्या अंदाजाने क्रॉप करा: डोक्यावर अगदी थोडी जागा, खाली खांद्यांची सुरुवात.

फोटो दुकानात व्हॉट्सअ‍ॅपने पाठवत असाल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दर्जा घसरतो. चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर असे आठ फोटो बसतात. दुकानदाराला स्पष्ट सांगा: माप साडेतीन बाय साडेचार, मूळ मापात छापा, पानाला बसवण्यासाठी मोठं करू नका, कडेला रेघ नको, नाव-तारीख नको, आणि चेहरा उजळ करू नका.

शेवटचं वाक्य दोनदा सांगा. आम्ही फोटो दिला त्या दुकानात न विचारता मुलीचा रंग दोन छटा उजळ करून, गाल गुळगुळीत करून दिले होते. त्या फोटोत ती आमची मुलगी वाटत नव्हती. आपलं बाळ जसं आहे तसंच फोटोत दिसलं पाहिजे, नियमही तेच सांगतो आणि मलाही तेच मनापासून वाटतं. तिथल्या तिथे परत छापून घ्या. घरी आणल्यावर फूटपट्टीने मोजा.

११. परदेशात असाल तर

भारतीय पासपोर्टच परदेशातून काढत असाल तर तिथल्या भारतीय दूतावासाने मागितलेलं माप पाहा. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशातल्या अर्जांना आयकाओच्या नियमांत बसणारे फोटो सक्तीचे झाले आहेत. ऑनलाइन फोटोचं माप ६३० बाय ८१० पिक्सेल आहे, म्हणजे पुन्हा सातास नऊ.

बाळ अमेरिकेत जन्मलं असेल आणि अमेरिकी पासपोर्ट काढायचा असेल तर फोटो चौकोनी, दोन इंच बाय दोन इंच. डोकं १ ते १ पूर्णांक ३/८ इंच. तिथे तान्ह्या बाळाचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी चालतात. ब्रिटनमध्ये एक वर्षाखालच्या बाळाचे डोळे उघडे असण्याची अट नाही आणि सहा वर्षांखालच्यांनी थेट कॅमेऱ्याकडे बघायची अट नाही, पण पार्श्वभूमी साधी आणि फिकट रंगाची लागते. तेव्हा एका देशासाठी काढलेला फोटो दुसऱ्या देशाच्या अर्जाला लावू नका. वर दिलेली जमिनीवरची पद्धत मात्र तिन्हीकडे चालते, फक्त चादरीचा रंग त्या देशाच्या नियमाप्रमाणे घ्या.

१२. केंद्रावर जाताना

फोटोच्या चार प्रती न्या. सही, स्टेपल, डिंक काही नको. वहीच्या पानांत सपाट ठेवा. मूळ डिजिटल फाइल मोबाइलमध्ये असू द्या, म्हणजे लागलाच तर जवळच्या दुकानात पुन्हा छापता येतो.

सोबत लागणारे कागद:

- बाळाचा जन्मदाखला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. दाखल्यावर बाळाचं नाव आलेलं आहे का ते आधी बघा. बारशाआधी नोंद झालेल्या दाखल्यावर नावाची जागा कोरी असते. महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन ते घालून घ्या.
- आई-वडिलांचे मूळ पासपोर्ट आणि स्वतः सही केलेल्या प्रती.
- आई किंवा वडिलांच्या नावाचा सध्याच्या पत्त्याचा पुरावा.
- अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे पालकांच्या घोषणापत्राचा नमुना, आई-वडील दोघांच्या सह्यांसह. एका पालकाची संमती मिळत नसेल तर अ‍ॅनेक्शर सी.
- अपॉइंटमेंटची पावती किंवा तिचा मेसेज.

अठरा वर्षांखालच्यांच्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १००० रुपये आहे. आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या पासपोर्टवर १० टक्के सवलत मिळते, म्हणून ९०० रुपये पडतात.

बाळाला बरोबर न्यावंच लागतं. दुधाची वेळ बघून अपॉइंटमेंट घ्या, जादा कपडे आणि दुपटं घ्या. पहिल्या म्हणजे ए काउंटरवर कागद आणि फोटो स्कॅन होतात. तिथे स्कॅन केलेला फोटो आणि भरलेली माहिती पडद्यावर दाखवतात. बाळ कितीही रडत असलं तरी त्या वेळी ते दुसऱ्याच्या हातात द्या आणि पडद्यावर नीट बघा: फोटो तिरका किंवा कापलेला आला नाही ना, नावाचं आणि आडनावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव. काही चुकलं असेल तर तिथेच सांगा, लगेच बदलून देतात. पुढच्या काउंटरवर गेल्यावर ते जास्त वेळखाऊ होतं.